भोयरांच्या पोट्टीचं कॅरिअर

रायपूरच्या तात्यापाऱ्यात गाडीच्या टपावर सामान बांधायला जी लोखंडी चौकट लावतात, तिला कॅरिअर म्हणतात. पोरंपोरी शिकूनसवरून पुढे जे काही करतात, किंवा करत नाहीत, त्यालाही कॅरिअरच म्हणतात. शुद्धलेखनाच्या पुस्तकात या दोन शब्दांमध्ये फरक असेल, तात्यापाऱ्यात नाही. आजवर त्यावाचून कोणाचं अडलं नव्हतं, कारण ज्याच्या दारात पहिलं कॅरिअर असायचं त्याच्या घरात सहसा दुसरं नसायचं. भोयरांच्या घरी मात्र एकाच रविवारी दोन्ही निघाली.

सुरुवात झाली ती एका बांबूपासून. खरं म्हणजे तो बांबू नव्हताच. तेरा फुटांचा, फायबरचा, पिवळ्या पट्ट्यांचा पोल होता, बांबूउडीचा. पण त्याला पोल म्हणणारी माणसं अख्ख्या गल्लीत दोनच: एक शर्मिष्ठा भोयर, वर्ग अकरावा, आणि दुसरी तिची कोच रीना दीदी, जी गल्लीत राहतही नव्हती. बाकी सगळ्यांसाठी तो बांबू. शेजारच्या मीराबाई तर एकदा गोधड्या वाळत घालायला मागायला आल्या होत्या. "दिवसभर पडूनच राहते न वो तो," त्या म्हणाल्या होत्या, "सांजच्याले आणून देतो."

शर्मिष्ठाने दिला नाही. तिच्या नावात शरम आहे, तेवढीच काय ती तिच्याजवळ, असं तिची आई शारदाबाई दर दोन दिवसांनी म्हणायची. पण हे अलीकडचं. दहावीपर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीसुद्धा अशी द्यायची की मॅडम गैरहजेरी लावत. मग रीना दीदीने तिच्या हातात पोल दिला, आणि जमिनीपासून सहा फूट वर गेल्यावर तिला पहिल्यांदाच कळलं की वरून सगळे लहान दिसतात, मॅडमसुद्धा. त्या दिवसापासून तिचा आवाज फुटला तो फुटलाच.

मागच्या वर्षी राज्याची स्पर्धा होती बिलासपूरला. शर्मिष्ठा पोल घेऊन बस स्टँडवर गेली. कंडक्टरने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पोलकडे, मग आभाळाकडे.

"दीदी, आप बैठ जाओ. बांस नहीं बैठेगा."

"भैया, ये पोल है."

"पोल हो चाहे खंभा, तेरह फुट मेरी बस में कहाँ घुसेगा? मोड़ लो इसको."

पोल दुमडून नेता आला असता तर तिने कशाला उडी मारली असती, घडीच्या खुर्चीवर बसली असती. बस गेली. शर्मिष्ठा तासभर स्टँडवर पोल धरून उभी होती, आणि एका आजोबांनी तिला ठेल्याचं छप्पर कुठे लावणार म्हणून विचारलं.

यंदा स्पर्धा मंगळवारी होती. रीना दीदीने साफ सांगितलं होतं, "पोल एकच आहे माझ्याकडे. या वेळीही नाही पोचलीस, तर दुर्गच्या पोरीला देणार. तो कोपऱ्यात उभा ठेवायला नाही आणला."

पण यंदा बाबांकडे पिकअप होती. बाबाराव भोयर सिलतऱ्याच्या कारखान्यांतून तारेची बंडलं उचलून गोल बाजारातल्या दुकानांत पोचवायचे. दिवाळीत त्यांनी जुनी, पांढरी पिकअप घेतली होती आणि तिच्या टपाला ते रोज सकाळी जुन्या बनियनने असं पुसायचे, जसं काही तान्ह्या पोराची टाळू. त्या टपावर कोणी कोपर टेकवलं तरी त्यांच्या छातीत कळ यायची. गाडीचा डाला, म्हणजे मागचा उघडा हौदा, आठ फुटांचा, पोल तेरा फुटांचा. म्हणजे उरलेला भाग केबिनच्या टपावर टेकणार. आणि पत्र्याच्या धारेवर घासून पोलला एक ओरखडा जरी पडला, तर ऐन उडीत तो मधोमध तुटतो.

"आणि मंग?" बाबांनी विचारलं.

"मंग पोल दोन होतात बाबा, आणि मीही."

बाबारावांनी एकदा पोलकडे पाहिलं, एकदा टपाकडे. मग म्हणाले, "कॅरिअर लावू."

होल पाडायला ड्रिल मशीन लागणार होती. ती होती विशालमामाकडे. मामा एका सरकारी ऑफिसात होता. तिथे नेमकं काय चालतं हे घरात कोणाला माहीत नव्हतं, बहुतेक त्यालाही नसावं. शारदाबाईंनी त्याला फोन लावला तेव्हा तो चौकातल्या गर्दीत अडकला होता, आणि मागून एक ट्रक हॉर्न वाजवत होता.

"विशाल, रविवारी शमीचं कॅरिअर फिट करून राहिले तिचे बाबा. तू तुही मशीन घेऊन ये न बाप्पा."

मामाने 'मशीन' ऐकलं नाही, 'मिसेस' ऐकलं. बाकीचं मात्र त्याने नीट ऐकलं, आणि त्याचा ऊर भरून आला.

म्हणून रविवारी दहा वाजता ऑटोतून उतरले ते विशालमामा, गंधालीमामी, पेढ्यांचा डबा आणि शालिग्रामजी. ड्रिल मशीन सोडून सगळे.

शालिग्रामजी म्हणजे रायपुरातल्या आपल्या मराठी लोकांच्या कॅरिअरचा शेवटचा शब्द. रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासून ते दुसऱ्यांच्या मुलांना मार्गाला लावायचे. सहा पोरं रेल्वेत, चार स्टील प्लांटमध्ये, दोन पोस्टात. ही यादी त्यांना तोंडपाठ होती. त्यांचा स्वतःचा मुलगा वरद घरीच तयारी करत होता. तयारीचं हे अकरावं वर्ष.

बाबाराव बाहेर गाडीपाशी होते. त्यांनी लांबूनच नमस्कार केला. शालिग्रामजी समोर आले की त्यांच्या तोंडून 'हव' याशिवाय दुसरा शब्दच निघायचा नाही. मोठ्या माणसाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

पाहुणे आत बसले, चहा आला. शर्मिष्ठाला समोर बसवलं.

"तर बेटा," शालिग्रामजींनी चष्मा पुसला, "तुले कसं कॅरिअर पाह्यजे?"

शर्मिष्ठा हरखलीच. आठवडाभर ती भौतिकशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर आकृत्या काढत होती आणि बाबा सोडून एकाही मोठ्या माणसाने तिला काही विचारलं नव्हतं.

"लंबं पाह्यजे काकाजी," ती म्हणाली. "आणि मजबूत. रस्त्यात डुगडुग नाही केलं पाह्यजे."

शालिग्रामजींनी मामाकडे पाहिलं. असं उत्तर त्यांना वरदकडून कधी मिळालं नव्हतं. "व्वा! लंबं आणि मजबूत, म्हणजे गव्हर्नमेंटच."

"गव्हर्नमेंट कशाले? यशदीप भैया बसवून राहिले न माझं."

मामीचा कप बशीत वाजला. "कोण यशदीप भैया?"

"आहेत एक, वेल्डिंगच्या दुकानवाले. काम एकदम पक्कं करतात मामीजी."

"किती वर्षांचा आहे हा?"

"असतील पस्तीसचे."

"पस्तीस!" मामीने पदर सावरला. "आणि तुह्या बाबाले माहीत आहे हे?"

"बाबांनीच तर बोलावलं. दोघं बाहेरच आहेत न."

नेमका त्याच वेळी खिडकीतून बाबारावांचा आवाज आला. "भैया, नीट पाहून घ्या. पोट्टीचा सवाल आहे."

आणि दुसरा आवाज म्हणाला, "टेंशन झन ले भैया. मेरी गारंटी है, बीस साल कहीं नहीं जाएगा."

"वीस वर्षं!" मामी उठलीच. तिच्या मागे मामा, मामाच्या मागे काठी टेकत शालिग्रामजी, आणि त्यांच्या मागे काहीच न कळून शारदाबाई, हातात पेढ्यांचा डबा घेऊन. अंगणात येऊन पाहतात तर एक गृहस्थ पिकअपच्या बॉनेटवर उभे राहून टपाला टेप लावतायत, शेजारी काळी, लोखंडी चौकट उभी आहे आणि तिला गुंडाळलेल्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापलंय: कॅरिअर.

मामीने तो शब्द दोनदा वाचला, मामाने तीनदा.

दुसऱ्या एखाद्याने अशा वेळी चहा संपवून घरचा रस्ता धरला असता. पण शालिग्रामजी रेल्वेत छत्तीस वर्षं काढलेले होते. चुकीच्या प्लॅटफॉर्मवर उतरूनही तिथेच काम निघालं होतं असं दाखवणं त्यांना येत होतं. त्यांनी काठीने टायरला टोचून पाहिलं आणि म्हणाले, "असं होय. मंग मी हेच तर म्हणून राहिलो."

आणि मग ते खरंच तेच म्हणत राहिले. आत जो सल्ला देणार होते तोच बाहेर दिला. एक शब्दही बदलावा लागला नाही.

"पोट्टीचं आहे, इतकं मोठं कशाले? लहानच बरं."

"हव," बाबाराव म्हणाले.

"घरापासून लांब जाईल असं नको. नजरेसमोर राह्यलं पाह्यजे."

"हव."

"आणि वेल्डिंग-बिल्डिंग नका करू. नटबोल्टवरच ठेवा. लग्नाच्या वेळी काढता आलं पाह्यजे."

"कोणाच्या लग्नाच्या?" शर्मिष्ठाने विचारलं.

"कोणाच्याही," शालिग्रामजी म्हणाले.

मामाने टपावर टिचकी मारली. बाबारावांनी डोळे मिटले. "भाऊजी, छेद तर पाडूच नका. एकदा छेद पडला की व्हॅल्यू गेली. उद्या देतो म्हटलं तर कोणी पाहणार नाही."

तो गाडीबद्दल बोलत होता, असं आपण समजू.

छेद पाडायचा प्रश्नच नव्हता, कारण मशीनऐवजी मिसेस आली होती. यशदीप भैयांनी गोल बाजारातून आणलेलं कॅरिअर 'युनिव्हर्सल' होतं. युनिव्हर्सल म्हणजे जगातल्या सगळ्या गाड्यांना थोडं थोडं न बसणारं. टपाच्या दोन्ही कडांना पन्हाळीसारखी जी पट्टी असते, तिला चार चिमटे आवळून ते बसवायचं होतं. भैयांनी चिमटे आवळले, जरा मागे होऊन पाहिलं आणि काही बोलण्यासाठी तोंड उघडलं. पण तिघं मोठे एकाच वेळी बोलत होते, म्हणून त्यांनी ते परत मिटलं.

शर्मिष्ठा दोनदा म्हणाली, "बाबा, चिमटे घसरतील. माझं चित्र तर पाहा." दोन्ही वेळा मामा म्हणाला, "हो बेटा, मोठे पाहून राहिले न." शारदाबाईंनी कॅरिअरला हळदकुंकू लावलं, मामीने वायपरमध्ये फूल खोचलं, आणि शालिग्रामजींनी पेढा तोंडात टाकत जाहीर केलं, "झालं सेट."

"ट्रायल घेऊ," शर्मिष्ठा म्हणाली.

"ट्रायल कशाले?"

"मंगळवारी रस्त्यात कळण्यापेक्षा आज गल्लीत कळलेलं बरं, काकाजी."

तिने आईच्या जुन्या लुगड्यात पोल गुंडाळला, पुढचं टोक कॅरिअरला आणि मागचं डाल्याला बांधलं, आणि स्वतः डाल्यात उभी राहिली. बाबांनी गाडी सुरू केली. वेग इतका कमी की मागून सगळे चालत येऊ लागले: मामा, मामी, काठीसह शालिग्रामजी, मग मीराबाई आणि 'काय निघालं वो?' म्हणत आणखी पाचसहा जण. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, गल्लीत कोणाची तरी वरात निघाली आणि नवरदेव लुगडं नेसून आडवा झोपलाय.

मिठाईच्या दुकानासमोर स्पीड ब्रेकर होता. पुढची चाकं चढली तोवर ठीक होतं. उतरताना 'टण्ण' असा आवाज झाला. पुढचे दोन्ही चिमटे सुटले, आणि म्हाताऱ्या माणसाच्या नाकावरून चष्मा घसरावा तसं ते युनिव्हर्सल कॅरिअर टपावरून करकरत बाजूला घसरलं. पोल तिरपा झाला, दोरी सुटली. शर्मिष्ठाने डाल्यातून झेप घेतली आणि तो खांद्यावर झेलला. खांदा सोलवटला. पोल जमिनीला लागला नाही.

गाडी थांबली. बाबाराव खाली उतरले.

पांढऱ्या टपावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब, खोल, काळा ओरखडा उठला होता. सगळे त्याच्याकडेच पाहत होते. मामा तर 'गेली व्हॅल्यू' असं ओठांतल्या ओठांत म्हणालासुद्धा.  रोज सकाळचा तो बनियन शर्मिष्ठाच्या डोळ्यांसमोर आला. आता बाबा म्हणणार, राहू दे शमे, पुढच्या वर्षी पाहू. आणि पुढच्या वर्षी पोल दुर्गला असणार.

बाबारावांनी टपाकडे पाहिलं. मग ते तिच्याजवळ आले, पोलवरचं लुगडं सोडलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू तळहात फिरवत गेले, तेराच्या तेरा फूट.

"याले तर नाही न लागलं कुठं?"

"नाही बाबा."

"आणि तुले?"

"थोडंसं."

मागे तोवर चर्चा सुरू झाली होती. "म्हून तर मी लहानच ठेवा म्हणून राहिलो," असं शालिग्रामजी म्हणत होते, आणि मामी मीराबाईंना सांगत होती की पोरींना इतकं उंच जाऊ दिलं की असं होतंच. शर्मिष्ठाने पोल बाबांच्या हातात दिला, केबिनमधून आपली वही काढली आणि मागचं पान बॉनेटवर सपाट पसरलं.

"टपाले हातच नाही लावायचा," ती म्हणाली, आणि या वेळी तिने कोणाची परवानगी घेतली नाही. "टप नुसता पत्रा आहे. जोर डाल्यावर घ्यायचा. हा डाल्याचा पुढचा अँगल, इथं एक खांब, टपाहून चार बोटं उंच. मागच्या अँगलवर दुसरा, तेवढाच. दोन्हींवर आडवा पाइप, त्याले जुन्या ट्यूबचं रबर. पोल या दोघांवर राहील. टपाले शिवणारही नाही."

यशदीप भैयांनी पान फिरवून पाहिलं, मान हलवली. "सुबह से यही तो बोलने वाला था मैं. पर अंकल लोग..."

"वेल्ड करा भैया," शर्मिष्ठा म्हणाली. "नटबोल्ट नको."

शालिग्रामजी पुढे आले. प्रसंग गंभीर होता म्हणून त्यांनी काठी खाली आपटली. "बाबाराव, विचार करा. वेल्ड केलं की ते मंग निघणार नाही बरं!"

सगळी गल्ली बाबारावांकडे पाहू लागली. ते पोल छातीशी धरून उभे होते. आयुष्यात त्यांनी मोठ्या माणसाला कधी नाही म्हटलं नव्हतं. तेव्हाही म्हटलं नाही.

"हव काकाजी," ते हात जोडता येत नव्हते म्हणून मानेनेच नमस्कार करत म्हणाले, "नाही निघणार." आणि यशदीप भैयांकडे वळले. "करा वेल्ड."

दुपारी दोनपर्यंत दोन्ही खांब उभे होते. भैयांनी काळा रंग मारला, शर्मिष्ठाने रबर गुंडाळलं. मग त्याच स्पीड ब्रेकरवरून गाडी तीनदा नेली. तिसऱ्यांदा तर बाबारावांनी मुद्दाम जोरात नेली. पोल हलला नाही. हलला तो मामा, कारण तो डाल्यात बसला होता.

मंगळवारी पिकअप बिलासपूरच्या मैदानावर पोचली तेव्हा तिथे वेगळंच दिसलं. पाच पोरी उडीसाठी आल्या होत्या आणि पोल होते तीन. दोघींचे पोल कुठल्या ना कुठल्या बस स्टँडवर राहिले होते. त्यातली एक, जगदलपूरची, पायरीवर बसून बुटाची लेस उगाचच सोडत आणि बांधत होती. ते बसणं शर्मिष्ठाला ओळखीचं होतं.

"तुझं वजन किती?" तिने विचारलं.

"अड़तालीस."

"माझं पन्नास. पोल वजनाच्या हिशोबाने असते, तर चालते. घे, पण टाकू नको खाली."

आता इथे शर्मिष्ठा पहिली आली असं लिहिता आलं असतं, पण तसं झालं नाही. तिने दोन मीटर चाळीस पार केले. जगदलपूरच्या पोरीने तोच पोल घेऊन दोन मीटर पन्नास. शर्मिष्ठा दुसरी आली. पोल पहिला आला आणि दुसराही. बाबारावांना हा हिशोब समजायला वेळ लागला. समजल्यावर ते परतीच्या वाटेवर दोन वेळा मोठ्याने हसले. रीना दीदीने एवढंच म्हटलं, "पोल तुझ्याकडेच ठेव."

बुधवारपासून शालिग्रामजी गोल बाजारात भेटेल त्याला सांगू लागले, "भोयरच्या पोट्टीचं कॅरिअर मीच सेट केलं. उभं राहून करून घेतलं. एकदम पक्कं, निघतच नाही." यादीत आता तेरा नावं झाली.

पुढच्या रविवारी सकाळी एक जोडपं भोयरांच्या दारात आलं. हातात फाईल, बर्फीचा डबा, आणि मागे साक्षी नावाची पंधरा वर्षांची मुलगी, दाराच्या चौकटीत अर्धी लपलेली.

"शालिग्रामजींनी पाठवलं," वडील म्हणाले. "आमच्या पोट्टीचंही तसंच कॅरिअर करून द्या न."

यशदीप भैया तेव्हा पिकअपच्या टपावरचा ओरखडा रंगवत होते. त्यांनी ब्रश डब्यात ठेवला, हात पुसले आणि धंद्याचा पहिला प्रश्न विचारला, "गाड़ी कौन सी है?"

वडिलांनी आईकडे पाहिलं. आईने फाईल उघडली. तिच्यात गाडीबद्दल काही नव्हतं.

शर्मिष्ठा तोवर आतून वही घेऊन आली होती. तिने दोघांनाही ओलांडून दारातल्या पोरीला विचारलं, "तुले कसं पाह्यजे?"

साक्षीने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग डाल्यावर उभ्या असलेल्या त्या दोन काळ्या खांबांकडे.

"लंबं," ती म्हणाली. आणि थोडी पुढे आली.